काडीत घड धरतो मे महिन्यात

द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटावी लागते, हे द्राक्षपट्ट्याबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपतो, पानं गाळतो, त्यामुळे तिकडे एका छाटणीत भागतं. आपल्याकडे त्याला झोप लागावी एवढी थंडीच पडत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि दसऱ्याच्या आगेमागे फळछाटणी. पाहुणे येतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, मांडवाखाली घड लोंबत असताना. फोटो काढतात, चार मणी तोंडात टाकतात आणि ‘यंदा बाग चांगली धरली’ म्हणतात. बाग धरते मे महिन्यात. खरड छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात, जिथे नुसत्या नजरेला काहीच दिसत नाही. आम्ही त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो. त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं, पाणी बेतात राहिलं, दाटलेल्या फुटी वेळेवर काढल्या, तर डोळ्यात घड तयार होतो. नाही झालं, तर ऑक्टोबरात हजारोंची औषधं मारली तरी नुसती फूट निघते, घड जिरतो आणि त्याची बाळी, म्हणजे नुसता वळणदार तंतू, होते.

चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली की माझी पंचाईत होते ती यामुळेच. बहुतेक साक्षी संकटापासून सुरू होतात. अपघात झाला, ऑपरेशन निघालं, सावकार दारात बसला, मग प्रार्थना केली आणि प्रभूने वाट काढली. त्या खोट्या असतात असं मी म्हणत नाही; त्यातल्या काहींच्या वेळी मी स्वतः दवाखान्याच्या बाकावर सोबत बसलो होतो. पण माझ्यापुरतं सांगायचं तर माझा विश्वास संकटात वाढला नाही. संकटात तो फक्त दिसला. वाढला तो त्याच्या आधीच्या दोन-अडीच वर्षांत, मोटार चालू करताना, मजुरी वाटताना, मोटारसायकलवर. त्या काळात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

आम्ही नाशकातल्या शरणपूरच्या, जुन्या ख्रिस्ती मिशनच्या वस्तीच्या, बाजूचे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त होताना त्यांनी निफाड तालुक्यात थोडी जमीन घेतली. तिला गाव अजूनही ‘मास्तरांचा मळा’ म्हणतं, आणि मी आयुष्यात कुणाला बाराखडी शिकवलेली नसताना मलाही मास्तरच म्हणतं. वडिलांनी तिथे द्राक्षं लावली. आम्ही राहतो नाशकात. मी सकाळी आडगाव, दहावा मैल, ओझर करत मळ्यावर पोहोचतो. ऐन हंगामात मुक्कामच तिथे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या एका प्लॉटची द्राक्षं वेलावरच होती. ठरलेला व्यापारी फोन उचलेना, मजूर गावाला निघून गेले, रस्ते बंद. कुणी बेदाणा केला, कुणी हातगाडी लावली, कुणी माल तोडून बांधावर टाकला. आम्ही तिन्ही केलं. पैशाचा खड्डा पुढे हळूहळू भरत आला, पण माझ्या डोक्याला एक सवय जडली. मी कायम पुढच्या मार्चमध्ये राहायला लागलो. खरड छाटणी चालू आहे आणि मनात भावाचा हिशोब. रात्री दोन वाजता उठून फोनवर हवामान बघायचं, एका अ‍ॅपने ढग दाखवले की दुसरं उघडायचं, आणि जे ऊन दाखवेल त्याच्यावर भरवसा ठेवून डोळे मिटायचे. रविवारी चर्चमध्ये ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे तोंडपाठ म्हणताना कृषी सेवा केंद्राच्या उधारीची बेरीज चालू असायची.

वळण दिलं ते आईने, आणि तेही लसूण सोलता सोलता. मी चहा पिताना बायकोला पुढच्या हंगामाचं गणित ऐकवत होतो. इतके कॅरेट, इतका भाव, सोसायटीचं कर्ज, मुलीची फी. आई मध्येच म्हणाली, “अरे, प्रभूच्या प्रार्थनेत भाकर किती दिवसांची मागायची?”

“आजची.”

“मग तू मार्चची कशाला मागतोस? आत्ता दिली तरी ठेवशील कुठं?”

बायको हसली. मीही हसलो. पण ते वाक्य दिवसभर पायात घोटाळत राहिलं, आणि संध्याकाळी मी बायबलमधल्या निर्गमचा सोळावा अध्याय काढून वाचला. अरण्यातला मान्ना, देवाने इस्राएल लोकांना पुरवलेलं अन्न. माणशी ठरलेल्या मापाने रोज सकाळी वेचायचा. ज्यांनी उद्यासाठी म्हणून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, घाण सुटली. हे शब्बाथशाळेत शिकलेलंच होतं. मोठेपणी, डोक्यावर कर्ज असताना वाचलं तेव्हा पुढचा भाग डोळ्यात भरला. सहाव्या दिवशी देवानेच दुप्पट वेचायला लावलं आणि तो साठवलेला मान्ना मात्र टिकला. म्हणजे देवाला कोठाराचं वावडं नाही. मी फळपीक विमा काढतो, औषधं आधी आणून ठेवतो, विहिरीत पाणी किती उरलंय ते मोजतो. यातलं काही सोडायला त्या अध्यायाने सांगितलं नाही. ज्या उद्याबद्दल त्याने काही सांगितलेलं नाही, तो उद्या मुठीत धरून बसू नकोस, एवढंच मला त्यात दिसलं.

मग सुरुवात केली ती अगदी किरकोळ. सकाळी मळ्यावर गेलो की पहिली चक्कर एकट्याने मारायची आणि त्या दिवसापुरतं एकच मागायचं. आज मोटार चालू दे. आज मजुरांची टोळी वेळेवर येऊ दे. आज फवारणीच्या ब्लोअरचं नोझल तुंबू नये. मोठं काही मागायचं नाही. कर्जमुक्ती, मुलीचं लग्न, भाव, हे विषय बंद. हवामान दिवसातून एकदाच बघायचं, सकाळी. पहिल्या आठवड्यात हे मला पोरकट वाटलं. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याकडे नोझलचं गाऱ्हाणं? पण हळूहळू त्याचा एक उपयोग ध्यानात आला. मोठी मागणी असली की ती ऐकली गेली का, हे वर्षभर कळत नाही आणि माणूस त्याबद्दल काहीही मानून घेऊ शकतो. नोझलचं संध्याकाळपर्यंत कळतं. रोज संध्याकाळी देवाशी हिशोबाला बसता येतं.

कधी मिळालं, कधी नाही. लाईट गेलेली असली तर गेलेलीच असायची. शेतीपंपाची वीज रात्रपाळीने असते तेव्हा बारा वाजता जाऊन मोटार चालू करण्यावाचून उपाय नव्हता, आणि प्रार्थनेने वेळापत्रक बदललं असं एकदाही झालं नाही. पण न मिळालेल्या दिवशीही दिवस पार पडायचा, आणि तो कसा पार पडला हे मी बघायला शिकलो. आधी मी फक्त काय अडलं ते बघायचो.

मी ते लिहायलाही लागलो. माल परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाउसला द्यायचा तर फवारणीची नोंदवही चोख लागते: तारीख, औषध, प्रमाण, काढणीच्या किती दिवस आधी मारलं. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तो बहुधा रिकामाच. मी त्यात एकेक ओळ टाकू लागलो. ‘लाईट होती, उपकार.’ ‘टोळी आली नाही, घरच्यांनी फेलफूट (नको असलेली फूट) काढली, मजा आली.’ पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी वही चाळताना चष्मा वर केला. “हे काय? ‘भुरी दिसली, पण घाबरलो नाही’ हा शेरा कसला?” मी म्हटलं, “साहेब, ते माझ्यापुरतं.” ते म्हणाले, “मग तुमच्यापुरत्या वहीत लिहा.” तेव्हापासून दोन वह्या आहेत. दुसरीचा कागद हलका आहे, पण तपासणीला कुणी येत नाही.

मजुरीचं प्रकरण याच्यापेक्षा अवघड होतं, आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं.

आमच्याकडे द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. छाटणी, पेस्ट, फेलफूट, डिपिंग, विरळणी, सगळं बहुतेक उक्तं. मुकादम उचल घेतो, काम झालं की हिशोब, मध्ये बाजाराच्या दिवशी थोडे पैसे. ही रीत आहे आणि तिच्यात लबाडी आहे असं नाही. पण त्या वर्षी बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक वाचत असताना चोविसाव्या अध्यायात अडकलो: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे. हे मी पूर्वी कित्येकदा वाचलं असेल. रोजच्या भाकरीचं मागणं सुरू केल्यावर ते वेगळं दिसलं. मी सकाळी देवाकडे ‘आजचं आज दे’ म्हणतो, आणि माझ्या बागेत वाकून काम करणारी बाई संध्याकाळी तेच म्हणत असेल, तर तिचं उत्तर माझ्या खिशात आहे.

बायको म्हणाली, “अहो, रोज रोख कुठून आणणार? आपल्याला तरी रोज मिळतं का?” तिचा मुद्दा बिनतोड होता. द्राक्षवाल्याला पैसा वर्षातून एकदा दिसतो. तरी आम्ही करून बघायचं ठरवलं. मुकादमाला आधी वाटलं मी त्याला मधून काढू पाहतोय; त्याचा वाटा वेगळा ठरवल्यावर तो निवळला. रोज तीन वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा, पैसे पुरतील ना. देवावर भरवसा ठेवण्याबद्दल मी चाळीस वर्षं प्रवचनं ऐकली असतील. तो पोटातला गोळा कुठल्याच प्रवचनाने दिला नव्हता.

एका संध्याकाळी खरंच कमी पडले. शेजारच्या दुधाचे पैसे आले नव्हते, एटीएम बंद, बायकोच्या पर्समध्ये होतं ते दिलं तरी तूट. सूर्य पाहता पाहता खाली चाललेला. मुकादम म्हणाला, “भाऊ, उद्या द्या, कुठं पळून चाललो आम्ही?” मला ते चाललं असतं. पण पाय बांधावरून शेजारच्या नानांकडे वळले. नाना माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे, आणि हिशोबाला कडक. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढून मोजले आणि म्हणाले, “मास्तर, कायदा तुझ्या देवाचा आणि खिसा माझा, हे बरं आहे!” दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर म्हणाले, “आमच्याही टोळीने विचारलं काल, ते मास्तर रोज देतात, तुमचं काय? तू गावात घाण करून ठेवलीस.” बोलले खरे, पण त्या हंगामात त्यांनीही दोन दिवसांआड पैसे द्यायला सुरुवात केली.

पुढच्या हंगामात टोळीची मारामार असताना आमच्याकडे माणसं आली. हा विश्वासाचा मोबदला म्हणून मी सांगत नाही. जिथे रोज पैसे मिळतात तिथे माणसं येणारच, त्यात चमत्कार काय. पण आज्ञा पाळल्यावर ती किती शहाणपणाची होती ते मागाहून कळतं, हा अनुभव मला त्यानंतर बऱ्याचदा आला.

रविवारी, विसाव्याच्या दिवशी, काम करावं का हा प्रश्न मी अजून पूर्ण सोडवलेला नाही. फुलोऱ्यात ढग आले आणि दव पडलं की डाऊनी रोग एका रात्रीत घडात शिरतो. सोमवारपर्यंत थांबलात तर सोमवारी फवारायला काही उरत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातला बैल दाखवला, शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला. त्याला लगेच बाहेर काढणार नाही असा तुमच्यात कोण आहे? मी म्हटलं, “साहेब, माझा बैल नोव्हेंबरात दर रविवारी विहिरीत पडतो.” ते हसले आणि म्हणाले, “मग विहिरीला कठडा बांधा.” त्यांचा रोख मला कळला. शनिवारी संध्याकाळी बाग फिरून संरक्षक फवारणी उरकली तर रविवारची बहुतेक घाई टळते. आता तसं करतो. तरीही एखाद्या रविवारी पहाटे चारला ब्लोअर चालवून, अंघोळ करून, औषधाच्या वासासकट मी उपासनेला बसतो. शेजारी बसणारे गृहस्थ जरा सरकून बसतात.

या सगळ्यात काही आत वाढतंय असं मला जाणवायचं का? अजिबात नाही. उलट मधले कित्येक महिने प्रार्थना कोरडी गेली. ओठ हलायचे, मन ठिबकच्या गळतीवर. पूर्वी सुवार्तेच्या सभांना गेलं की डोळ्यांत पाणी यायचं, तेही आटलं होतं. मला वाटलं, आपण बहुतेक नुसते शिस्तीचे झालोय. फळछाटणीआधी आम्ही काड्या प्रयोगशाळेत देतो; ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळे उघडून कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात, आणि त्याप्रमाणे कात्री लावायची. माणसाच्या आतलं बघायची अशी सोय असती तर मी नक्की नमुना पाठवला असता.

त्याच सुमारास एका रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये जुन्या मिशनबद्दल बोलणं निघालं. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं आणून इथे ठेवत, त्यांना लिहाय-वाचायला आणि हातातलं काम शिकवत. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी निघालेल्या तुकडीतून गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह उचलून समुद्रकिनाऱ्यापर्यंत महिनोन् महिने चालत नेला. त्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने. ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण आमच्या सांगण्यात सगळा भर लिव्हिंग्स्टनवर असायचा. त्या दिवशी माझं लक्ष त्या पोरावर गेलं. घरातून ओढून नेलेलं, परक्या मुलखात आणून सोडलेलं. इथे, जिथून आज माझी मोटारसायकल जाते त्या भागात, सकाळ-संध्याकाळच्या कंटाळवाण्या उपासनेला रांगेत बसून त्याने ती वाक्यं गिरवली असणार. त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं, ती कुठल्या जंगलात लागणार आहेत?

२६ नोव्हेंबर २०२३. रविवार होता. सकाळपासून आभाळ भरलेलं. आदल्या संध्याकाळी फवारणी उरकली होती. उपासना झाली, जेवलो आणि दुपारी मळ्यावर गेलो. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते, विरळणी सोमवारपासून धरायची होती. दुपारनंतर वारा सुटला, विजा, मग पाऊस आणि त्याच्यातच गारा. मी पत्र्याच्या शेडमध्ये उभा होतो. पत्र्यावर एवढा आवाज की शेजारी उभा असलेला गडी काय ओरडतोय ते ऐकू येईना. त्या दिवशी निफाड तालुक्यात आणि आसपास ज्यांच्या बागा होत्या त्यांना तो आवाज वेगळा सांगायला नको.

थांबल्यावर आत गेलो. रस्त्याकडचा प्लॉट संपला होता. पानांच्या चिंध्या, काड्यांना मार, घड खाली चिखलात गारांबरोबर पांढरे-हिरवे मिसळलेले. विहिरीकडच्या प्लॉटला त्या मानाने कमी लागलं होतं, गारांचा पट्टा तिरका गेला होता. नानांची बाग बांधापलीकडे, तिला पानं फाटण्यापलीकडे फार काही झालं नव्हतं. मी त्यांच्या बागेकडे बघितलं आणि पोटात कळ आली, हे सांगायलाच हवं.

मी रडलो. गडी बघत होता तरी रडलो. नंतर सवयीने पहिल्या ओळीपासून चक्कर सुरू केली, आणि तोंडातून निघालं ते रोजचंच: आज काय करू तेवढं सांग. त्याच्यावर विचार करून मी तसं म्हणालो नव्हतो. तीन हंगाम रोज म्हणत आलो होतो, तेच बाहेर पडलं. मार्चचं काय, कर्जाचं काय, हे प्रश्न आलेच नाहीत असं नाही. पण ते दारात उभे राहिले, आत येऊन बसले नाहीत. आजचं काम समोर होतं. साचलेलं पाणी काढून द्यायचं, मुकादमाला फोन करायचा, उजाडल्याबरोबर जखमांमधून बुरशी शिरू नये म्हणून फवारणी, मग फुटलेले घड कापून काढायचे. नऊ वाजता घरी फोन केला. आईने आधी विचारलं, “तू जेवलास का?” मग तिने फोनवरच बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायाचा शेवट वाचला, द्राक्षीच्या वेलीला फळ आलं नाही, शेतात धान्य पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हर्ष वगैरे मला झाला नव्हता. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “हबक्कूकला तरी त्या दिवशी कुठं झाला होता? ‘करीन’ म्हणतोय तो.”

त्या रात्री मी झोपलो. शेडमध्ये, ओल्या सतरंजीवर, सकाळी साडेपाचपर्यंत सलग. २०२० नंतर पाऊस नसतानाही मला अशी झोप लागत नव्हती. विश्वास वाढला याचा पुरावा कुणी मागितला तर माझ्याकडे ती एक झोप आहे, दुसरं काही नाही.

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत आला. कुठल्याशा विश्वासणाऱ्याने बागेच्या चारी कोपऱ्यांवर प्रार्थना केली म्हणून गारा त्याच्या बांधावरून वळून गेल्या, वगैरे. मला असल्या गोष्टींची चीड येते. माझ्या बांधावरून त्या वळल्या त्या माळकरी नानांना वाचवायला, मग काय म्हणायचं? मत्तयात स्पष्ट लिहिलंय की तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाडतो. पावसाबरोबर गाराही आल्या. नाना स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर घेऊन आले, न बोलावता. “माझी वाचली ती काही मी फार पुण्यवान म्हणून नाही, मास्तर,” एवढंच म्हणाले आणि ब्लोअर जोडायला वाकले. त्या वाक्यात मला त्या संदेशापेक्षा जास्त देवभीरूपणा वाटला. पोटातली ती कळ तिथेच विरली.

बाकीचं थोडक्यात. पंचनामा झाला. रस्त्याकडच्या प्लॉटमधून जवळजवळ काही निघालं नाही. विहिरीकडचा वाचवता आला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मणी फुगेनात, तेव्हा पहाटे उठून पाणी सोडायचं, शेकोट्या करायच्या, हे सगळ्यांनी केलं तसं आम्हीही केलं. रोजची मजुरी त्या हंगामात दोनदा चुकली. मुकादमाने दोन्ही वेळा हिशोब लिहून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी व्याजासकट मागितला, चेष्टेने. माल फेब्रुवारीत गेला, रोखीने, कारण उधारीवर देऊन फसलेले चार जण आमच्याच शिवारात आहेत. बायबलच्या लेवीय पुस्तकात आहे त्याप्रमाणे शेवटचा वेच घेतला नाही, राहिलेले घड तसेच सोडले. टोळीतल्या बायका आणि रस्त्याने जाणारी शाळेची पोरं यांनी दोन दिवसांत वेल साफ केले. मुलीची फी भरली. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून घेतलं, ते अजून आहे.

आई आणि माझ्यात भांडण राहिलं ते दशांशाचं. माझं म्हणणं, गारपिटीच्या साली खर्च वजा जाता जे उरलं त्याचा दहावा भाग द्यायचा. आणि खर्च वजा जाता उरलं होतं उणे. आईचं म्हणणं, दशांश पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या एकूण रकमेवर. हातात रोकड आली ना, मग खर्चाचं देवाला कशाला सांगतोस, तो काय कृषी सेवा केंद्रवाला आहे? पाळकसाहेबांकडे निवाडा मागितला तर त्यांनी दोन्ही बाजूंनी मान हलवली. शेवटी रविवारी पाकीट आईनेच भरलं, चिकटवलं आणि मला आकडा सांगितला नाही. तिच्या पेन्शनमधून घातले की माझ्या पट्टीतून, हेही अजून कळलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण ती आईच्या बाजूची.